झुडपं तोडायला कोयता घेताना: आधी रान बघा, मग पातं

दसऱ्याच्या सुमाराला पाऊस ओसरतो आणि पुण्याच्या आसपास ज्यांची थोडीफार जमीन आहे त्यांची धावपळ सुरू होते. मुळशीतल्या प्लॉटची वाट घाणेरीनं बंद केलेली असते. पानशेतकडे लावलेल्या आंब्याच्या कलमांभोवती कमरेएवढं गवत माजलेलं असतं. टेकडीवर झाडं लावणाऱ्या गटांना जूनमध्ये लावलेली आपलीच रोपं सापडत नाहीत. मग विचारपूस होते: चांगला कोयता कुठला? ऑनलाइन दिसणारी दीड फुटी मशेटी, म्हणजे लांब पातळ पात्याचा परदेशी कोयता, मागवावी की बोहरी आळीतून साधा गावठी कोयता आणावा? स्टेनलेस घ्यावा का? जाड पातं चांगलं की पातळ?

या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे, पण एका गोष्टीचा निकाल लागल्याशिवाय त्यातलं एकही देता येत नाही. तुम्हाला तोडायचं काय आहे? गवत, घाणेरी, बांबू आणि वाळलेली बाभूळ या चार गोष्टी चार वेगवेगळ्या तऱ्हेनं कापल्या जातात. गवताला उत्तम असलेलं पातं बाभळीत अडकून बसतं, आणि बाभळीला उत्तम असलेला कोयता गवतावर चालवला तर अर्ध्या तासात खांदा भरून येतो. शिवाय आपल्याकडे जे रान माजतं, त्यातल्या बऱ्याचशा झाडोऱ्याला कोयता लागतच नाही, हेही पैसे घालवण्याआधी समजून घ्यायला हवं.

पातं कापतं कसं

घाव दोन गोष्टींवर चालतो: पात्याचं वजन आणि त्याचा वेग. घावातली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कोयता दुप्पट जड केला तर ऊर्जा दुप्पट होईल. त्याऐवजी तोच कोयता दुप्पट वेगानं फिरवता आला तर ती चौपट होते. त्यामुळे ‘जड म्हणजे दणकट, दणकट म्हणजे चांगला’ हा हिशेब निम्म्या कामांत चुकतो.

गवताची काडी किंवा घाणेरीची कोवळी फांदी घ्या. तिला पाठीमागून कशाचाच आधार नसतो. हळू आलेलं पातं तिला नुसतं वाकवतं, आणि पातं पुढं गेलं की ती परत उभी राहते. तिथं हवा वेग, म्हणजेच हलकं, पातळ आणि जरा लांब पातं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत वापरली जाणारी मशेटी अशीच असते: सुमारे दोन ते तीन मिलिमीटर जाडीची, चौदा ते बावीस इंच लांब, पत्र्यासारखी लवणारी.

मनगटाएवढ्या वाळक्या फांदीचं गणित वेगळं. तिथं पातं आत शिरल्यावर लाकडाचे तंतू बाजूला सारावे लागतात. त्यासाठी पाठीकडे जाड आणि धारेकडे निमुळतं होत जाणारं, पाचरीच्या आकाराचं पातं लागतं. पातळ पातं लाकडात शिरतं, पण दोन्ही बाजूंनी लाकूड त्याला आवळून धरतं आणि ते उपसत बसावं लागतं. आपल्या लोहारांचे कोयते पाठीला पाच-सहा मिलिमीटर जाड असतात ते याचसाठी. मलेशिया-इंडोनेशियातला पारांग आणि नेपाळी खुकरी याच कुळातली. त्यांच्याकडचं जंगल लाकडाळ, म्हणून पातं जाड आणि वजन पुढच्या टोकाकडे.

आता वजनाचं बोलू. मिनिटाला दहा घाव धरले तरी तासाला सहाशे होतात. कोयत्याच्या वजनात दोनशे ग्रॅमचा फरक असेल तर तासाभरात तुमचा हात एकशेवीस किलो जादा उचलतो. ज्यांचा हात आठवडाभर कीबोर्डवर असतो त्यांनी हा आकडा गंभीरपणे घ्यावा, कारण थकलेला हातच घाव चुकवतो. पहिला कोयता साडेचारशे ते सहाशे ग्रॅमच्या आत असावा असं माझं ठाम मत आहे. त्याहून जड कोयता पेलणारी माणसं आहेत, पण ती हे काम लहानपणापासून करत आलेली असतात.

आपल्याकडचं रान आणि त्याची औषधं

पुण्याच्या डोंगराळ भागातलं सगळ्यात चिवट झुडूप म्हणजे घाणेरी. टणटणीही म्हणतात. शोभेचं झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती भारतात आणली गेली आणि आज तिनं डोंगरच्या डोंगर व्यापलेत. तिच्या फांद्या चौकोनी, बारीक काट्यांच्या आणि एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एक ओढली की पाच हलतात. तिला बाहेरून मध्याकडे तोडत जावं लागतं. एका हातात बेळकं, म्हणजे पुढं दुबेळकं असलेली तीन-चार फुटांची काठी, आणि दुसऱ्या हातात कोयता. बेळक्यानं फांदी दाबून किंवा ताणून धरली की ती वाकत नाही आणि एका घावात तुटते. इथं दहा-बारा इंच पात्याचा, टोकाला चोच असलेला हलका कोयता सगळ्यात चांगला. लांब मशेटी घाणेरीच्या जाळीत फिरवायला जागाच मिळत नाही.

पण घाणेरी नुसती तोडली तर पुढच्या पावसात ती दुपटीनं फुटते, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहीन. तिला नवे फुटवे येतात ते जमिनीलगतच्या, खोड आणि मूळ जोडणाऱ्या भागातून. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर आधारलेली पद्धत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरून दाखवली. झुडपाच्या बुंध्याशी कुदळीनं माती मोकळी करायची, जमिनीखाली साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, आख्खं झुडूप उचलून उलटं करून टाकायचं. मुळं आभाळाकडे राहिली की ते पुन्हा रुजत नाही. हे काम फळं पिकायच्या आत करायचं, कारण बुलबुलांसारखे पक्षी फळं खाऊन बिया दूरवर टाकतात. नंतरची दोन वर्षं उगवणारी रोपं हातानं उपटत राहावी लागतात. यात कोयत्याचं काम काय? बुंध्यापर्यंत पोचायला वाट करून देणं, एवढंच. घाणेरीचा खरा शत्रू कुदळ आहे. कोयत्यावर दोन हजार रुपये घालवून कुदळ न घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

ताम्हिणी-मुळशीच्या बाजूला रानमोडी दिसते. तिचं खोड ठिसूळ आणि मुळं फारशी खोल नसतात. जमीन ओली असताना कोवळी रोपं हातानंच उपटून येतात. जुन्या गचपणाला हलका कोयता पुरतो.

गाजरगवताला कोयता लावूच नये. हे तण भारतात ठळकपणे लक्षात आलं तेच मुळी पुण्यात, १९५० च्या दशकात, आणि आज देशभर पसरलंय. त्याच्या परागांनी आणि स्पर्शानं अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. कोयत्यानं सपासप मारलं की चुरा अंगावर उडतो आणि बुडखा जमिनीत राहून पुन्हा फुटतो. फुलं यायच्या आत, पावसात जमीन मऊ असताना, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून ते मुळासकट उपटायचं.

करवंदीच्या जाळीबद्दल एवढंच: शक्य असेल तर ती तोडूच नका. ती इथलीच आहे, माती धरून ठेवते, पक्ष्यांना आसरा देते आणि मे महिन्यात करवंदं देते. वाटेवर आलेल्या फांद्या छाटल्या की पुरे.

बांबूच्या पानांत आणि खोडात सिलिका भरपूर असतं, त्यामुळे त्यावर धार झपाट्यानं जाते. कोवळ्या आणि मध्यम बांबूला जाड पाठीचा कोयता तिरका मारला की एक-दोन घावांत काम होतं. तोड गाठीच्या लगत वर घ्यावी, नाहीतर उरलेल्या पोकळ कांड्यात पाणी साठतं, बेट कुजतं आणि डास होतात. तिरक्या तोडीचं टोक भाल्यासारखं असतं, म्हणून शेवटी करवतीनं ते सपाट करून टाकावं. अशा खुंटांवर पडून माणसं गंभीर जखमी होतात.

वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प ही लाकडाची मंडळी. अंगठ्याएवढ्या फांद्यांपर्यंत कोयता. दोन इंचांच्या पुढं घडीची छाटणीची करवत. करवत हळू चालते असं वाटतं, पण जाड फांदीवर ती कोयत्यापेक्षा लवकर काम संपवते, आणि तिचा घाव पायावर येत नाही. गिरिपुष्प तर तोडलं की जोमानं फुटतं. आणि ते झाड आहे, झुडूप नाही. शहराच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. टेकड्यांवरची बरीच जमीन वनखात्याची आहे. तिथं हेतू कितीही चांगला असला तरी त्यांना विचारल्याशिवाय पातं बाहेर काढायचं नाही. उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे, काढतं, त्या कामात स्वयंसेवक म्हणून जाता येतं आणि जाणत्या माणसांकडून हात कसा चालवायचा तेही शिकता येतं.

किल्ल्यांवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तटबंदीच्या सांध्यांत उगवलेल्या वड-पिंपळाच्या रोपांवर कोयता चालवू नका आणि ती ओढूही नका. मुळाबरोबर चुना आणि दगड निघून येतात. ते काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं आणि जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

थोर, शेर आणि रुई यांचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. खाजकुइलीच्या शेंगांवरची लव वाऱ्यानंही अंगावर येते. या चौघांपैकी काही दिसलं तर चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट असल्याशिवाय पुढं जाऊ नये.

चोच कशासाठी

दख्खनच्या जमिनीत एक अडचण आहे जी परदेशी व्हिडिओंत दिसत नाही: दगड. आपल्याकडे चार बोटं मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट. गवतातही धोंडे लपलेले असतात. सरळ पात्याची लांब मशेटी जमिनीलगत फिरवली की तिचं टोक दगडावर आपटतं आणि धारेला दाते पडतात. गावठी कोयत्याला पुढं जी आत वळलेली चोच असते, ती इथं दोन कामं करते. घाव जमिनीपर्यंत गेला तर आधी चोचीचा बाहेरचा, बोथट भाग टेकतो आणि धार बऱ्याच अंशी वाचते. दुसरं म्हणजे तोडलेली फांदी चोचीनं ओढून बाजूला करता येते, काट्यांत हात घालावा लागत नाही. म्हणून पुणे परिसरातल्या मिश्र कामासाठी, म्हणजे थोडी घाणेरी, थोडं गवत, थोड्या फांद्या अशा कामासाठी, माझी पसंती चोचीच्या कोयत्यालाच आहे.

चोच नको कुठं? सपाट, बिनदगडी जागेत नुसतं गवत आणि मऊ झाडोरा असेल तिथं. तिथं लांब पातळ मशेटी खरोखरच सुंदर चालते, आणि ज्यांच्या जागा तशा आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी. ब्राझीलच्या ट्रामोंटिना कंपनीच्या साध्या मशेट्या अशा कामासाठी जगभर वापरल्या जातात. लाकडी मूठ, कार्बन पोलाद, काही शोभा नाही. मोठं सपाट क्षेत्र असेल तर मात्र पेट्रोलवर चालणारा ब्रशकटर भाड्यानं आणलेला परवडतो. फक्त त्याच्यातून दगड गोळीसारखे उडतात, तेव्हा आसपास कोणी उभं राहू नये.

दुकानात आणखी दोन कोयते दिसतील. ऊसतोडणीचा कोयता पातळ आणि हलका असतो. ऊस रसाळ असतो आणि तो जमिनीलगत तोडावा लागतो, त्या कामासाठी तो घडवलेला आहे. गवत आणि कोवळ्या घाणेरीला तो चालतो, पण वाळक्या लाकडावर त्याची धार मुडपते. शहाळी सोलायचा कोयता रुंद आणि जड असतो. तो ओंडक्यावर टेकवून मारायचा असतो, हवेत फिरवायचा नसतो. झुडपांसाठी तो घेऊ नका.

परदेशी बनावटीच्या पात्यांत पाठीला करवतीचे दाते, भोकं, काळा रंग, दोरीची मूठ असे प्रकार दिसतात. पाठीवरचे दाते लाकूड धड कापत नाहीत, उलट पातं लाकडात अडकवतात आणि म्यान फाडतात. असली शोभा जितकी जास्त, तितकं ते काम करणाऱ्या माणसापासून लांब आहे असं समजायला हरकत नाही.

लोखंड, पोलाद आणि पाणी

सगळं लोखंड सारखं नसतं. साध्या लोखंडात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. ते कितीही तापवून विझवलं तरी धार टिकण्याइतकं कडक होत नाही. कोयत्याला किमान अर्धा टक्का कार्बन असलेलं पोलाद लागतं. जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांतून केलेले कोयते नावाजले जातात, त्याचं कारण हेच: त्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या घरात असतो, आणि धक्के खाऊन न तुटण्यासाठीच ते बनवलेलं असतं.

पण नुसतं पोलाद चांगलं असून भागत नाही, त्याला पाणी नीट दिलेलं असावं लागतं. लोहार पातं लालबुंद करतो. सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलादाचं लोहचुंबकत्व जातं, त्याच्या थोडं वर नेऊन ते एकदम तेलात किंवा पाण्यात विझवतात. त्यानं ते काचेसारखं कडक होतं, आणि तितकंच ठिसूळ. मग पुन्हा हलक्या आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, साधारण २३० अंशांना. मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. कोयत्याला स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा मऊ ठेवावं लागतं. कारखान्यात कडकपणा मोजतात त्या रॉकवेल मापावर चांगला कोयता ५० ते ५५ च्या दरम्यान बसतो. याहून कडक असला तर दगडावर धारेचा तुकडा उडतो, याहून मऊ असला तर धार मुडपते. मुडपलेली धार जागेवर कानशीनं नीट करता येते. उडालेला तुकडा परत येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा जरा मऊ पातं बरं.

स्टेनलेसचं आकर्षण मला समजतं, कारण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे. पण स्वस्त स्टेनलेसच्या पात्याची धार लवकर जाते. कार्बन पोलाद गंजतं हे खरं, पण पुसून तेल लावलं की प्रश्न मिटतो. रोजच्या कामाला मी तेच सुचवेन.

दुकानात उभ्या उभ्या काय तपासता येतं? सोबत एक छोटी कानस न्या आणि दुकानदाराला विचारून धारेच्या कडेला हलकी ओढून बघा. कानस नुसतीच काचेवरून घसरल्यासारखी गेली तर पातं फार कडक आहे. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पाणी दिलेलंच नाही. जरा अडून, कुरकुरत धरली तर ठीक. पातं मुठीशी सैल धरून नखानं किंवा किल्लीनं टिचकी मारा. स्वच्छ खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर चीर आहे किंवा मूठ ढिली आहे. मग धार डोळ्यासमोर धरून तिच्या रेषेत बघा. पातं बाक आलेलं असेल तर घाव नेहमी एका बाजूला जाईल.

बोहरी आळीत हत्यारांची दुकानं ओळीनं आहेत, आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेली अवजारंही मिळतात. पण सगळ्यात उत्तम म्हणजे जिथं काम करायचंय त्या गावच्या लोहाराकडे जाणं. तिथलं रान त्याला ठाऊक असतं. ‘मामा, चांगला कोयता द्या’ एवढंच म्हणू नका. ‘मामा, जागा दगडाळ आहे, घाणेरी आणि बारीक बाभळी तोडायच्यात, हाताला सवय नाही’ असं सांगा. तो वजन आणि चोच त्याप्रमाणे ठेवेल. डावखुरे असाल तर तेही सांगा, कारण काही कोयत्यांना धार एकाच बाजूनं असते आणि उजव्या हाताचा असा कोयता डाव्या हातात धड बसत नाही.

मूठ

मुठीकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि फोड येतात ते तिच्यामुळेच. मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकायला हवीत. फार जाड मूठ आवळून धरावी लागते, फार बारीक मूठ हातात फिरते. शेवटाला थोडी फुगीर किंवा खाली वळलेली असेल तर घामेजलेल्या हातातून निसटत नाही. लाकूड असेल तर रेषा लांबीच्या दिशेनं गेलेल्या हव्यात. आडव्या रेषांवर मूठ मोडते. वार्निशनं चकचकीत मूठ घसरते, ती पॉलिश कागदानं घासून जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवा.

पातं मुठीत कसं बसवलंय ते विचारा. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि दोन-तीन रिव्हेटांनी जखडलेलं असेल तर सर्वात भक्कम. गावठी कोयत्यात पात्याची निमुळती शेपटी तापवून लाकडात ठोकतात आणि तोंडाशी लोखंडी कडं चढवतात. तेही वर्षानुवर्षं चालतं, पण उन्हाळ्यात लाकूड आटलं की ढिलं होतं. कामाला लागण्याआधी दरवेळी हलवून बघायचं. सुटलेलं पातं समोरच्या माणसाकडे जातं.

बाळगण्याचा कायदा

पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयते घेऊन दहशत माजवण्याचे प्रकार घडले, त्यामुळे काही दुकानदार विक्रीच्या वेळी आधार कार्ड मागतात आणि नाव-पत्ता लिहून घेतात. त्यात अपमान वाटून घेऊ नये.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना ‘शस्त्र’ धरलेलं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं धारदार शस्त्रांत मोडतात, पण घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे शेतीचा कोयता घरात असणं हा गुन्हा नाही. पण तलवारीसारखी दिसणारी, शोभेची मशेटी शेतीची आहे हे पटवून देणं अवघड जाईल, हाही साधा गावठी कोयता घेण्याचा एक फायदा. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात, तेव्हा रस्त्यावर हत्यार घेऊन फिरणं महागात पडतं. म्हणून कोयता म्यानात, वर कापड गुंडाळून, गाडीच्या डिकीत इतर अवजारांबरोबर ठेवावा. पावती जवळ असू द्यावी. पाठीवरच्या सॅकला लटकवून सिंहगडाच्या वाटेला लागू नये. आणि हातात कोयता घेऊन काढलेले फोटो कुठंही टाकू नयेत.

घाव घालताना

पहिलं काम काठीचं. गचपणात शिरण्याआधी लांब काठीनं ते हलवा, दोन मिनिटं थांबा. घोणस, फुरसं, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत, आणि घोणस पाचोळ्यात अजिबात ओळखू येत नाही. गमबूट किंवा घोट्यावर येणारे जाड बूट घालाच. साप चावलाच तर आवळपट्टी, चीर, चोखणं यातलं काही करायचं नाही. चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर पोचायचं. काम सुरू करण्याआधीच जवळचं तसं रुग्णालय कुठलं हे माहीत करून घ्या.

घाव सरळ आडवा न घालता साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका घाला. तंतू उभे असतात, तिरक्या पात्याला ते सोपे जातात. घाव नेहमी शरीराच्या बाहेरच्या बाजूला संपला पाहिजे. मनातल्या मनात आधी विचारा: फांदी लागलीच नाही तर पातं कुठं जाऊन थांबेल? उत्तर पाय असेल तर जागा बदला. दोन माणसांत निदान दहा फूट अंतर, आणि उतारावर एकाच्या खाली दुसरा कधीच नाही. वाकवून ताणलेली फांदी तोडताना ती उसळते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा आणि चष्मा घाला. फांदी धरणाऱ्या हातात जाड चामड्याचा हातमोजा हवा. कोयत्याच्या हातात जाड मोजा घसरतो, तिथं मोकळा हात किंवा रबरी पकडीचा पातळ मोजा. मनगटाला दोरीनं कोयता बांधून घ्यायची पद्धत मला अजिबात पसंत नाही, कारण हातून सुटलेला कोयता दूर पडण्याऐवजी झोका घेऊन आपल्याच मांडीवर येतो.

धार

बोथट कोयता जास्त धोकादायक, कारण तो फांदीवरून उसळतो. नव्या कोयत्याला दुकानातून नीट धार आलेलीच नसते, ती लावून घ्यावी लागते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतोच, तर आदल्या दिवशी सगळी पाजवून घ्यावीत.

गवतासाठी धारेचा कोन प्रत्येक बाजूला पंधरा-सतरा अंश चालेल, लाकडासाठी वीस ते पंचवीस. हा कोन मोजायचा कसा? पातं पन्नास मिलिमीटर रुंद असेल तर सपाट दगडावर धार टेकवून पाठ सतरा मिलिमीटर उचला, वीस अंश झाले. एकवीस मिलिमीटर उचलली तर पंचवीस. तेवढ्या उंचीचा लाकडी तुकडा शेजारी ठेवला की हाताला चार दिवसांत सवय होते. पातं पाटावर घट्ट धरून कानस धारेच्या दिशेनं एकाच अंगानं ढकलायची, पुढंमागं घासायची नाही. दुसऱ्या बाजूला बारीकसा मुडपा बोटाला लागायला लागला की बाजू बदला. शेवटी निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, हलके दोन-चार हात. कामाच्या जागी दर अर्ध्या-पाऊण तासानं निसण्याचे चार हात मारले तर कानस लागायची वेळ क्वचित येते.

गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे कोयता द्यायचा तर जवळ उभे राहा. ‘दादा, जरा हळू, पाण्यात बुडवत करा’ असं सांगा. चाकावर धार निळी पडली म्हणजे ती तीनशे अंशांपर्यंत तापली आणि पाणी उतरलं. निळा भाग घासून काढेपर्यंत तिथली धार टिकणार नाही.

काम संपल्यावर चीक आणि रस साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडं पुसा, पात्याला मशीनचं किंवा खोबऱ्याचं तेल पातळ लावा. चामड्याचं म्यान वाहतुकीसाठी असतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने त्यातच ठेवलेला कोयता ओलीनं गंजतो, म्हणून घरी आल्यावर तो म्यानातून काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा.